दादांची डावी जागा आणि गाडीचे रबरी बुश

रामदासपेठ, नागपूर
१ फेब्रुवारी १९७८

ती. चंपतदादांस,

धाकट्या वामनचा वाकून नमस्कार. (वाकता आलं, यावरून माझी कंबर बरी आहे हे ओळखावं.) तुमचे गुडघे कसे आहेत? वच्छलावहिनींचा खोकला गेला का? मौद्याकडे हरभरा घाट्यावर आला असेल. इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त गाडी आजारी आहे, आणि तिच्या आजाराबद्दल इतकं नवं कळलं आहे की कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुम्हाला आठवत असेलच (नसेल आठवत तर फारच बरं), प्रेमिलाच्या साखरपुड्याला आपण तिच्या सासऱ्यांना घेऊन निघालो, तेव्हा वळणावर गाडी अशी काही कलली की समोरच्या लांब सीटवर डाव्या कडेला बसलेले तुम्ही थेट मधल्या व्याह्यांच्या मांडीवर गेलात. व्याही अंगानं बारीक. मागे बायका हसल्या. उतरल्यावर तुम्ही म्हणालात, "आता या गाडीतून मी कुठंच जात नाही," आणि एस.टी.नं मौद्याला परतलात. आता लग्न तोंडावर आलं, आणि पोरगी तुमच्यासाठी अडून बसली आहे; म्हणते, "मोठेबाबा समोर बसले तरच मी सासरी जायले गाडीत बसीन." तेव्हा ही गाडी नेमकी कलते कशानं, या एका प्रश्नानं माझी झोप उडाली.

आमचे मारोतराव मिस्त्री गाडीखाली शिरले आणि एक काळं, मऊ, चेपलेलं कडं घेऊन बाहेर आले. चाकाला धरणाऱ्या लोखंडी दांड्यांच्या टोकाशी अशी रबरी कडी असतात, त्यांना बुश म्हणतात. गाडी सत्तावन्न सालची, बुशही त्याच वेळचे. हातात घेतलं तर पिकून गेलेला चिकू. मारोतराव म्हणाले, "कडक रबराचे टाकू, साहेब. मंग नाही डोलणार." पण कडक म्हणजे किती कडक? मी बर्डीवरच्या मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. जन्म संत्र्याच्या आडतीवर गेलेला, त्यामुळे हातात येईल ते अंगठ्यानं दाबून पाहायची सवय. (दुकानदारानं विचारलं, "डझनानं देऊ का?") अंगठा संत्र्याला ओळखतो, रबराला नाही, हे तिथं कळलं. मग तीन जातींचे नमुने घरी आणले, खाटेच्या पायांखाली आळीपाळीनं लावले आणि वर बसून डावी-उजवीकडे झोकांड्या घेऊ लागलो. मऊवर खाट पाळण्यासारखी हलली. सगळ्यात कडकवर हलली नाही, पण फरशीची प्रत्येक सांध मणक्याला कळली. मधलं मानवलं. आमची सौ. सुभद्रा दारात उभी राहून बराच वेळ बघत होती आणि मग शेजारच्या अंजनाबाईंना बोलावून आली.

मधले बुश बसवले. गाडी जॅकवरून खाली घेतली, तर ती, पाण्यातून चालताना बाईनं लुगडं वर धरावं तशी अंग चोरून उंचच उभी राहिली. मारोतराव तिच्याभोवती फिरले, डोकं खाजवलं आणि मोकळेपणानं म्हणाले, "चुकलंच. गाडी लटकून होती तवाच आपण बोल्ट आवळले. खाली येता येता रबर पिळल्या गेलं." म्हणजे बोल्ट ढिले करायचे, गाडी चाकांवर उभी करायची, आत नेहमीची माणसं बसवायची आणि मग आवळायचे. रबर ज्या वजनाखाली आवळलं जातं, त्या वजनाची बैठक ते धरून ठेवतं. दादा, मला ही गोष्ट फार म्हणजे फारच आवडली.

गॅरेजातल्या खड्ड्यावर गाडी घेतली. मी स्टिअरिंगवर, मागे सुभद्रा, प्रेमिला आणि हौसेनं आलेल्या अंजनाबाई. मारोतराव खड्ड्यात उतरले आणि थोड्या वेळानं खालून आवाज आला, "साहेब, गाडी उजवीकडेच बसून राहिली. समोर डाव्या बाजूले कोणी नसते काय?"

प्रेमिलानं तोंड खिडकीकडे वळवलं. मलाही त्या रिकाम्या जागेकडे बघवेना. मी मारोतरावांना म्हटलं, आज राहू द्या.

वहिनींना नमस्कार. गुडघ्यांना तीळतेल चोळत जावं.

आपला,
वामन

ता.क. : गाडी बोल्ट ढिले ठेवून खड्ड्यावरच उभी आहे. रविवारी एस.टी.नं यावं आणि थोडा वेळ आपल्या जागी बसावं. गाडी जागची हलणार नाही, तेव्हा तिच्यातून कुठं न जाण्याचा तुमचा शब्दही मोडत नाही. व्याह्यांना बोलावलेलं नाही.

ता.क. दुसरा : सुभद्रानं हे वाचलं आणि म्हणाली, "काहून फिरवून फिरवून लिहून राहिले? खरं सांगा नं त्याइले." तर खरं असं, की त्या जागी ज्वारीचं एक पोतं ठेवलं तरी काम भागतं, हे मारोतरावांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. पोतं घरात आहे. पण त्या जागेवर पोतं ठेवून मी पोरीची पाठवणी कशी करू? या, दादा.