तुमच्या अँबॅसिडरचा बंपर

सर, काल तुमच्या स्वयंपाकघरात बसून मी तुमची गाडी गंजवली. काकी समोर मिठाची बरणी घेऊन बसल्या होत्या आणि कुठे किती टाकायचं ते मला सांगत होत्या. गाडी खरी नव्हे, तळहातावर मावेल एवढी. पण बाकी सगळी तुमचीच अँबॅसिडर. तोच कबुतराच्या पाठीचा राखी रंग, टपावर नारळ पडून आलेला तोच पोचा, मागच्या काचेशी आडवी टाकलेली तुमची छत्रीसुद्धा.

हा नाद मला तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागला. कुडाळला मी दातांच्या कवळ्या आणि टोप्या बनवते, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. भिंगाखाली दिवसभर दात घासून झाले की त्याच टेबलावर मी जुन्या मोटारींची छोटी मॉडेलं घेऊन बसते. त्यांचा कारखान्यातला रंग उतरवायचा आणि खऱ्या गाडीसारखा पुन्हा चढवायचा. खरी मजा असते ती क्रोममध्ये. बंपर, पुढची जाळी, दिव्यांच्या कडा, खिडक्यांखालून जाणारी केसाएवढी पट्टी. बहुतेक लोक तिथे सरळ चंदेरी रंग फासतात आणि गाडी अॅल्युमिनियमच्या टोपासारखी दिसायला लागते. मी आधी चकचकीत काळा देते, तो काचेसारखा वाळू देते आणि त्यावर क्रोमचा रंग इतका पातळ मारते की खालचा काळा आतून श्वास घेत राहतो. आता पुण्या-मुंबईची माणसं आपल्या वडिलांच्या गाड्यांचे फोटो मला पाठवतात. रंग कसा मारायचा ते मी इकडून तिकडून शिकले. पाहायचं कसं, ते मात्र तुमच्याच घरात.

शाळेतल्या चित्रकलेच्या वर्गात तुम्ही शुद्ध मराठी बोलायचात आणि रविवारी घरी बोलावलंत की मालवणी. मी सातवीत असेन. तुम्ही चुलीशेजारच्या पाटावर स्टीलचा पेला ठेवता आणि म्हणता, काढ. मी ऐटीत नवीन चंदेरी खडू काढते. तुम्ही माझं चित्र पुरं होऊ देता. मग कागद उचलून काकींना दाखवता. “ह्या काय गो? चांदीचो दुधी भोपळो?” काकी खोबरं किसता किसता हसत सुटतात. माझ्या डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा तुम्ही खाली बसता आणि पेला माझ्या नाकासमोर धरता. “पेल्याक रंग खंय आसा? नीट बघ. तेच्यात तुझो तांबडो फ्रॉक आसा, तो काढ. खिडकी आसा, ती काढ. तुझ्या काकीची किसणी आसा, ती काढ. पेलो आपसूक येतलो.” पेला आला, सर. वाकडा आला, पण पेलाच आला. तो चंदेरी खडू तुम्ही जप्त केलात आणि त्याच्या बदल्यात तुमचा बारीक ब्रश मला दिलात.

आणि विजयदुर्गची सहल! आम्हा मुलींना किल्ला काढायला न्यायचं म्हणून तुम्ही गाडीत अक्षरशः कोंबलं होतंत. तळेऱ्याच्या तिठ्यावर गाडीने अंग टाकलं. आम्ही ढकलली, भजीवाल्याने ढकलली, एसटीची वाट बघणाऱ्यांनी ढकलली. गाडी ढिम्म. मेकॅनिक जेवायला गेलेला. आम्ही रडवेल्या झालो आणि तुम्ही मात्र डिकीतून कागद काढलेत. “किल्लो ऱ्हवांदे. बंपर काढा.” मग आम्ही सगळ्या रस्त्याकडेला मांडी घालून बंपरासमोर बसलो. त्यात वर आभाळाची निळी पट्टी, खाली तांबड्या मातीची, मधोमध एक काळी रेघ आणि त्या रेघेवर बेडकांसारख्या पसरट आम्ही. एसटी आली की ती बंपरात केळ्यासारखी वाकायची आणि आम्ही हसून लोळायचो. एका कंडक्टरने विचारलं, “मास्तरनू, गाडी इकतास काय?” तुम्ही म्हणालात, “गाडी न्हय ती. वर्ग भरलो हा, आवाज करू नकात.” किल्ला मी पुढे लग्न झाल्यावर पाहिला. तळेऱ्याचा तिठा मात्र आजही न बघता काढून दाखवीन.

यंदा चतुर्थीला वेंगुर्ल्याला तुमच्या घरी काकींच्या पाया पडायला गेले. गाडी उभी असायची त्या मांगरात आता सुकी लाकडं आहेत. काकी तिकडे बघत म्हणाल्या, “तू मोटारी करतंस म्हणतत. ह्यांची करशीत?” मी इतर सगळी कामं बाजूला ठेवली. एका बंपरावर इतका वेळ मी कधीच घालवला नव्हता. निळी पट्टी, तांबडी पट्टी, मधली काळी रेघ, सगळं नखाएवढ्या जागेत उतरवलं. माझ्या हातून झालेलं हे सगळ्यात चांगलं काम, असं मनाशी म्हणत ते खोक्यात घालून वेंगुर्ल्याला नेलं.

काकींनी चष्मा लावला, गाडी हातावर फिरवली. पोच्यावर बोट फिरवून गालातल्या गालात हसल्या. मग पुढच्या बंपरापाशी थांबल्या. “गाडी बरी झाली हा. पण ही ह्यांची न्हय गो. ही लग्नाक निघालेली दिसता.”

“का काकी?”

“ह्यांचो बंपर खाऱ्या वाऱ्यान खाल्लेलो. देवीचे वण असतत तसो. मगे गाडी चलवूक होयना, तरी दर आयतवारी स्टूल घेवन तेच्या फुडे बसत, आणि घाशीत ऱ्हवत. मी म्हणा, कित्याक घासतास? तर म्हणत, माझा तोंड दिसता काय बघतंय.”

सर, माझी गाडी तळेऱ्यालाच उभी राहिली होती. मी कोल्हापूरला शिकायला गेले, तिथेच नोकरीला लागले आणि त्या काळात बंदरावरचा वारा तुमच्या मांगरात शिरून काय करत होता, ते काकींनी रोज पाहिलं. खरं सांगायचं तर आधी मला रागच आला. इतक्या मेहनतीचं काम आणि त्यावर गंज? पण काकी स्टूल किती उंच होतं ते हाताने दाखवत होत्या. गाडी त्यांच्या घरात राहणार होती.

म्हणून काल रंगांची पेटी घेऊन पुन्हा गेले. क्रोमवर तपकिरी रंगाचा हात दिला, तो ओलसर केला आणि म्हटलं, “काकी, मीठ द्या.” त्यांनी शिरोड्याच्या मिठागरातल्या जाड्या मिठाची बरणी काढली. “उजवीकडे जास्ती. थंय वारो लागा.” त्यांनी सांगितलं तिथे खडे बसवले, वरून पुन्हा क्रोम मारलं आणि वाळेपर्यंत आम्ही दोघींनी चहा घेतला. मग ब्रशने मीठ झाडलं. जिथे जिथे खडा होता तिथे तिथे गंजाचा फोड उघडा पडला. काकींनी गाडी डोळ्यांजवळ नेली. मग पदराच्या टोकाने त्यांनी बंपर हळूच पुसला आणि म्हणाल्या, “आता हे इले.”

गाडी आता तुमच्या फोटोखालच्या फळीवर आहे, तोंड दाराकडे करून. हे पत्र काकींना वाचून दाखवावं असं मनात होतं, पण शेवटचं वाचताना जीभ अडखळेल, म्हणून ते माझ्यापाशीच राहू दे. सर, मागचा बंपर मी गंजवलेला नाही, तेवढा तळेऱ्यालाच ठेवलाय. तो भिंतीकडे आहे, काकींच्या ध्यानात आलेला नाही, आणि मी सांगणार नाही.