दुसऱ्यांदा वाढलेला शिरा

४ डिसेंबर
दिलीपला घेऊन नागपूरला जाऊन आले. धाकटा भाऊ माझा. गेल्या वर्षी पोटात गाठ निघाली, कॅन्सर. सगळं जठरच काढून टाकलं. आज त्याच्या रक्ताचा रिपोर्ट होता. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. नव्या पेशी तयार होताना डीएनएची नक्कल चुकतेच, प्रत्येकाची चुकते. ती चूक दुरुस्त करणारी जनुकं असतात. त्यातलं एक आमच्या घराण्यात बिघडलेलं आलंय. बाबा पोटानं गेले, आत्या आतड्यानं. आणि आम्ही इतकी वर्षं मिरचीला नावं ठेवत बसलो.
मग माझ्याकडे वळल्या. तुम्हीही तपासून घ्या. दोष निघाला तर कॅन्सर होईलच असं नाही, पण दुर्बीण घालून पोटावर लक्ष ठेवता येईल. तुमच्यात नसला तर मुलीला तुमच्याकडून येणारच नाही.
म्हटलं, मुलीचं जमवतोय, ते उरकलं की येते.
दिलीप खाली बघत होता.

८ डिसेंबर
यांना दिलीपचा कॅन्सर माहीत आहे, रक्ताचं सांगितलं नाही. मी तपासलंच नाही तर मला काही ठाऊकच नाही, आणि ठाऊक नसलेलं लपवलं असं कोण म्हणेल? फार हुशार बाई आहे मी!
रविवारी रिसोडचे पाहुणे प्रांजूला पाहायला येतायत. दिलीपला फोन केला. कोणी विचारलं तर अल्सर म्हण. "मंग मी येतच नाही ना ताई." पण मुलीचा मामाच नाही म्हणजे दहा प्रश्न. ये म्हटलं. आणि सगळ्यांसारखं जेव, चिमणीसारखं टिपत बसू नको.
"बरं," म्हणाला.

१४ डिसेंबर
लिहवत नाही, तरी लिहिते.
माणसं चांगली. मुलगा कमी बोलतो. प्रांजूकडे बघून हसला, तीही हसली. जेवताना दिलीपनं दोन घास शिरा घेतलेला. मुलाच्या वडिलांचं लक्ष गेलं.
"मामा, तुमी तं काहीच खाऊन नाही राह्यले. तब्येत बरी हाये ना?"
"अल्सर होता, आता बरा हाये," मीच बोलले आणि त्याच्या ताटात शिरा वाढला. मग आणखी एकदा. हसत हसत. त्याचं पथ्य मला पाठ आहे. थोडं थोडं खायचं, गोड तर जपूनच, कारण जठर नाही, सगळं सरळ आतड्यात जातं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. खाल्ला. सगळा.
थोड्या वेळानं मागच्या अंगणात टाकीला धरून कण्हत उभा. अंग घामानं थबथबलेलं, छाती धडधडत होती. आणि मी काय म्हणाले? "आवाज नको करू रे, पाहुणे हायेत."
प्रांजू मागेच उभी होती.

१५ डिसेंबर
रिसोडहून होकार आला. हे पेढे घेऊन आले. माझा मी डब्यात परत ठेवला.
बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधता बांधता प्रांजूनं विचारलंच. "मामाले काहून वाढलं?"
सगळं सांगितलं. रिपोर्टचंही. "तुह्यासाठीच केलं ना बाई."
"माह्यासाठी असतं तं तू रक्त देऊन आली असती."
आणि पुढची जुडी बांधायला घेतली.

१८ डिसेंबर
कारंज्याला गेले, दिलीपकडे. माफी मागायची होती, तोंडातून निघालं, "बरा हायेस ना?" लाज वाटली स्वतःची. त्याच्या बायकोनं त्याच्यापुढे वाटीभर मऊ भात ठेवला होता. चावून चावून खात होता.
"शिऱ्याचं जाऊ दे ताई. तू रक्त दे. या रिपोर्टात मी एकटाच हावो, असं वाटते मले."
लहानपणी अंधारात जायचं तर हा माझं बोट धरायचा. रडले. त्याच्यासमोरच.

२२ डिसेंबर
रक्त दिलं. प्रांजू सोबत होती. रिपोर्ट यायला वेळ आहे. यांना काल सांगितलं. खूप चिडले. सकाळी म्हणाले, रिसोडला तूच सांग.
दुपारी फोन लावला. मुलाच्या वडिलांना सगळं सांगून टाकलं. अल्सर नव्हता, कॅन्सर होता, घराण्यात आहे, माझं रक्त तपासायला गेलंय.
मग म्हणाले, "म्हंजे तुमाले ठाऊक होतं. अन् त्या दिवशी मामाले शिरा तुमीच वाढला होता नं?"
हो म्हटलं.
"विचार करून सांगतो."
रोगाचा विचार करणार की माझा, हे विचारायची हिंमत झाली नाही.