तळहाताला घाम येतो का, मामा?

शनिवार, दुपार

तीर्थरूप मामा,

तुला वाकून नमस्कार, जरा लांबूनच.

तू कसा आहेस? मामी कशी आहे? उजव्या हाताचं मधलं बोट अजून बधिर होतं का? आणि सहज विचारते, तळहाताला घाम येतो का? येत असेल तर साधारण किती? (रुमाल भिजेल इतका, की नुसता ओलसर?) उद्याच्या हॉलमध्ये एसी आहे का, आणि मामी अजून तुझ्या टेबलाशेजारी उभी राहून शर्टांवर पाणी शिंपडत इस्त्री करते का, हेही कळव. मी फक्त खुशाली विचारतेय. पत्र मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत लिहिलं असतं तर पहिलाच शब्द सॉरी आला असता आणि तू पुढचं वाचलंच नसतंस. मराठीत निदान खुशाली विचारण्यात अर्धं पान जातं. ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाल. पोटात अजूनही बरंच घालायचंय, तेव्हा जागा ठेव.

तर उद्या योयो जमवणाऱ्यांच्या मेळाव्यात तू आजोबांचा लाकडी योयो काढणार. एकवीस वर्षं काचेच्या कपाटात बसलेला, ज्याच्यावर आजोबांनी खिळ्याने स्वतःचं अक्षर कोरलंय, तो. बाकीचे एकशे चौदा योयो तू निदान पाहुण्यांच्या हातात देतोस, हा एक कधीच नाही. आणि तो तू मी वळलेल्या दोरीवर फेकणार, दगडी फरशीच्या हॉलमध्ये, पन्नास माणसांसमोर. पाकीट मिळाल्यावर तू फोनवर म्हणालास, "भिंगरे, ही दोरी हातात घेतली आणि वाटलं, हिच्यावर बाबांचा फिरवावा." मामा, तू मला दिलेली ही पहिली शाबासकी. (त्याआधी एकदा "बरी आहे" म्हणाला होतास, ते मी दोन वर्षं पुरवलं.) त्या दिवशी मी हवेत होते. मंगळवारी खाली आले. का ते सांगते, पण त्यासाठी जरा मागे जायला लागेल.

दोरी मी तू शिकवलीस तशीच वळते. दोऱ्यांचा जुडगा दाराच्या कडीला अडकवायचा, सात-आठ पावलं मागे जायचं, दुसरं टोक ड्रिल मशीनच्या हुकात घालून पीळ द्यायचा, दोरा गिटारच्या तारेसारखा वाजेपर्यंत. मग मधोमध धरून दुमडायचा आणि सोडायचा. दोन्ही पदर आपोआप एकमेकांना उलटी मिठी मारतात, आणि दुमडलं तिथे जो फास राहतो तो योयोच्या दांड्यावर बसतो. गाठ नाही, गोंद नाही. एक पदर सुटू बघतो आणि दुसरा त्याला सुटू देत नाही. (आई म्हणते, संसार असाच असतो. मी विचारलं, मग ड्रिल कोण? तिने आत्याकडे बघितलं.)

एवढी सरळ लांबी आमच्या घरात कुठे नाही, म्हणून मी हे बाहेर पॅसेजमध्ये करायचे. मागच्या महिन्यात समोरचे विमावाले काका (रिटायर झालेत, पण अजून समोरच्याकडे रिस्क म्हणूनच बघतात) पेपर वाचत लिफ्टमधून बाहेर आले आणि सरळ दोऱ्यात शिरले. ड्रिल चालू होतं. दोऱ्याने आधी त्यांचा चष्मा घेतला. चष्मा इतका सुंदर फिरला की मी मशीन बंद करायला थोडा उशीर केला, हे तुलाच सांगतेय. त्यांनी चष्मा सोडवून परत डोळ्यांवर चढवला. मग बिल्डिंगच्या कमिटीला अर्ज दिला, आणि पॅसेज बंद झाला.

मग मी आत्याच्या शिवणखोलीत गेले. तिथे खिडकीच्या गजापासून कपाटापर्यंत तिरकं धरलं तर कशीबशी लांबी बसते. चार दोऱ्या झाल्या आणि माझं पॉलिएस्टरचं रीळ संपलं. आता हात लागलेला असताना थांबणं किती कठीण, हे तुला मी काय सांगू. आत्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये एक पांढरं रीळ होतं, झिपच्या पिशवीत घट्ट बंद, सोबत ओल शोषून घेणारी ती छोटी पुडी. मला वाटलं, केवढा मान ठेवलाय या दोऱ्याचा, म्हणजे भारीच असणार. आणि भारीच होता. मऊ, एकसारखा, कुठे कुसळ नाही. बारा दोऱ्या अशा वळल्या गेल्या की मी स्वतःशीच हसत होते. दुसऱ्या दिवशी त्या सोळातली एक तुला पाठवली. ती कुठल्या रिळाची, ते आत्ता नेमकं आठवत नाही.

मंगळवारी आत्या सगळे ड्रॉवर उपसत होती. "माझा विरघळणारा दोरा कुणी घेतला?"

मी म्हटलं, "विरघळणारा म्हणजे?"

"म्हणजे विरघळणारा. कच्चा टाका घालायचा, फिटिंग बघायचं, कापड पाण्यात बुडवलं की टाका गायब. नाहीतर उसवत कोण बसणार, तू?"

मी नाही म्हटलं आणि स्वयंपाकघरात पाणी कोमट करायला गेले.

मी उगाच घाबरणारी मुलगी नाही, मी आधी खात्री करते आणि मग घाबरते. एक दोरी ग्लासभर कोमट पाण्यात टाकली. ती शेवयांसारखी झाली, मग सायीसारखी, मग नुसतंच पाणी उरलं. मनात आलं, मामा काही योयो पाण्यात खेळत नाही. म्हणून दुसरी दोरी माझ्या प्लास्टिकच्या योयोला लावली, जिना चारदा चढले-उतरले, आणि घामट हाताने फेकायला लागले. सात वेळा परत आला. आठव्यांदा बोटातला फास चिकट झाला, मग बोटात काहीच नव्हतं. योयो विमावाल्या काकांच्या उघड्या दारातून आत गेला आणि त्यांच्या पेपरातून आरपार निघाला. भोकातून त्यांचा एक डोळा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, काका, पेपरच होता म्हणून बरं. ते म्हणाले, "यापुढे मी पेपर दोन्ही हातांनी धरणार." ही धमकी होती की खबरदारी, मला अजून कळलेलं नाही.

तुला तीनदा फोन केला. पहिल्यांदा तू उचललास आणि मी हवेबद्दल बोलले. दुसऱ्यांदा मामीने उचलला, तिने तुझ्या शर्टाचा रंग सांगितला, मी छान म्हटलं. गुरुवारी तू म्हणालास, "सराव दुसऱ्या योयोवर चाललाय. तुझी दोरी कोरीच ठेवलीय, रविवारी सकाळी चढवणार. बोल, काय म्हणत होतीस?" आणि मी ऑल द बेस्ट म्हटलं.

का, ते सांगते. मी आठ वर्षांची असताना तुझ्या पितळी योयोला पोचा पाडला होता, आठवतं? तू ओरडला नाहीस. फडकं घेऊन बसलास आणि चार तास तो एकच योयो पुसत राहिलास. मी समोर स्टुलावर. मामीने जेवायला बोलावलं तरी आपण दोघंही उठलो नाही. मामा, ओरडणाऱ्या माणसाला मी घाबरत नाही, आत्याने मला तयार केलंय. पण पितळेला पोचा पडतो, लाकूड फुटतं. आणि ते फुटल्यावर तू फडकं हातात घेशील आणि पुसायला काही नसेल, हे चित्र मंगळवारपासून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

बाकी सगळं ठीक. आत्याला नवीन रीळ आणून दिलं, ती अजून बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे. मामीला नमस्कार.

तुझी,
भिंगरी

ता.क. कुठल्या रिळाची ते आठवलं. खरं म्हणजे विसरले कधीच नव्हते. चार साध्या दोऱ्या माझ्याकडे मोजून चार आहेत. तुझी दोरी त्या बारातली, त्यातली सगळ्यात छान. कृपा करून ती आजोबांच्या योयोला लावू नकोस. लावली असशील तर काढ. सोबत साधी दोरी ठेवतेय. ती दिसायला "बरी आहे" इतकीच आहे.

ता.क. दुसरा. रविवार, सकाळचे साडेनऊ. पोस्टाने हे वेळेत पोचलं नसतं म्हणून पहिल्या बसने स्वतःच आलेय. आत्ता तुमच्या जिन्यात बसलेय, तुमच्या दारापासून सहा पायऱ्या खाली. पत्र फटीतून सरकवणार आणि खाली गेटपाशी थांबणार. वाचून झाल्यावर राग आला असेल तर खिडकी उघडू नकोस, मी समजून दहाच्या बसने परत जाईन.

ता.क. तिसरा. आतून आवाज येतोय. प्लास्टिकचा चिरका येतो आणि धातूचा शिट्टीसारखा, हा घुमतोय. लाकडाचा आहे. आत्तापर्यंत पाच वेळा परत आला, आणि मामी म्हणतेय की पंखा लावते, तुम्हाला घाम फुटलाय. मामा, पत्र राहू दे, मी बेल दाबतेय. दार मामीला उघडू दे, तू हात हलवू नकोस.