दुसरं दुकान

१४ मार्च

प्रिय बुटके,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आता लांबचं स्वच्छ दिसतं, त्यामुळे दुकानाच्या काचेवरचे डागही दिसायला लागलेत आणि दिवसभर त्यावरून आमची हजेरी घेणं चालू आहे. तुझ्या वहिनीचा खोकला गेला. फोनच करणार होतो, पण फोनवर मी भांडलो असतो. लिहिताना निदान खोडता येतं.

आपल्या दुकानांवरचा तुझा प्रोजेक्ट बाबांनी किती जणांना दाखवला असेल याची तुला कल्पना नाही. केस कापायला जाताना घेऊन गेले होते! ‘व्यवस्थापकीय अर्थशास्त्र’ म्हणताना आधी त्यांची जीभ अडखळायची, आता गिऱ्हाइकाला चष्मा घालून बघायला देता देता सांगतात, “मुलगी एम.ए. करतेय, धंद्याचे डावपेच शिकवतात तिथे.” परवा मी जरा चहा घेऊन टेकलो, तर म्हणाले, “या वेळात तू जे करू शकला असतास आणि केलं नाहीस, तो या चहाचा खरा खर्च. ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणतात त्याला.” चहाची चवच गेली.

इतकी वर्षं त्यांच्या शेजारी उभा राहून मी चष्मे विकले, पण “तुला काय वाटतं?” असं त्यांनी कधी विचारलं नाही. आता काचा कोणत्या कंपनीच्या घ्यायच्या, “बुटकीला विचार.” दुकान दुपारी बंद ठेवायचं की नाही, “बुटकी काय म्हणते?” मला शिकायला कोणी अडवलं होतं असंही नाही. मी कधी विषयच काढला नाही. त्यामुळे राग काढायला माणूससुद्धा सापडत नाही बघ.

प्रोजेक्टची शेवटची पानं वाचायची राहिलीत, असं मी तुला म्हणालो होतो. वाचली होती. तीच आधी वाचली. तू लिहिलंयस, नव्या वस्तीतलं माझं दुकान बंद करावं. तिथे येणारी बहुतेक माणसं आपल्या जुन्या दुकानाचीच, ती तशीही आपल्याकडेच आली असती. म्हणजे मी नवं गिऱ्हाईक आणलंच नाही, बाबांचं गिऱ्हाईक आपल्या दाराशी वळवलं. आणि पुढे तुझं ते वाक्य, की फर्निचरवर, आरशांवर झालेला खर्च परत येणार नाही, म्हणून निर्णय घेताना तो धरायचा नाही. असेल बरोबर. पण ते आरसे मी निवडले होते गं. कोणत्या उजेडात माणसाला आपला चेहरा बरा दिसतो हे बघत मी चार दुकानं पालथी घातली होती.

बाबा म्हणाले, “दुकान तुझं आहे, तू ठरव.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काही ठरवायला दिलं, तेही तू आधीच ठरवून झाल्यावर.

आता मुद्द्याचं लिहितो. तुझं सादरीकरण होतं त्या दिवशी, घरी सांगितलं होतं तसा, मी फ्रेमवाल्या व्यापाऱ्याकडे गेलो नव्हतो. मी तुझ्या कॉलेजात होतो, मागच्या दाराजवळ, एका भल्या उंच मुलाच्या आड. चार लोकांत उठून विचारणार होतो, “बाई, दुकानात किती दिवस उभ्या राहिलात?” वाटेत बसमध्ये हेच वाक्य घोकत होतो.

तू पडद्यावर आपल्या दोन्ही दुकानांचे आलेख लावलेस. माझं दुकान लाल रंगात होतं. तू फार छान बोलत होतीस, आणि जसजशी तू प्रत्येक वाक्य नीट संपवत होतीस तसतसा मी आतून जळत होतो. मग त्या पांढऱ्या केसांच्या परीक्षक बाईंनी विचारलं, “दुकान चालवणारा माणूसच कच्चा असेल तर? मग दोष जागेचा कसा म्हणता?” तू हातातला कागद उगाच उलटापालटा केलास. बुटके, त्या क्षणी मला बरं वाटलं. प्रश्न माझ्या अब्रूचा होता, तरी तू अडलीस याचंच मला बरं वाटलं.

मग तू म्हणालीस, “तो कच्चा असता तर ते दुकान सहा महिन्यांतच गेलं असतं. गिऱ्हाइकांना मी विचारलं, जुनं दुकान जवळ असून इथे का येता? निम्मे लोक म्हणाले, त्याच्यासाठी. म्हणून तर तो चुकीच्या जागी बसलाय असं मी म्हणते.”

बाईंनी विचारलं, “कोण आहे तो?”

“माझा दादा,” तू म्हणालीस आणि पाणी प्यायलीस.

मी बाहेर पडलो. जिन्यात बराच वेळ उभा होतो. मला रडू आलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. पण मला पुन्हा तुझा हेवाच वाटला. बाबांसमोर माझ्याबद्दल जे मला कधी सांगता आलं नाही, ते तू परक्या लोकांत एका दमात सांगितलंस.

घरी आल्यावर तुझी वहिनी म्हणाली, “व्यापाऱ्याने काही बोलून दाखवलं का? तोंड का असं?” मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग तुम्हाला राग नेमका कशाचा आलाय, ती चुकली याचा की बरोबर निघाली याचा?” मी जेवायला बसलो, दुसरं काय करणार.

मागच्या सोमवारी दुकान बंद केलं. डोळे तपासायचं मशीन जुन्या दुकानात आणलं, तिथे माझ्या मदतीला असलेल्या ताईंनाही इकडेच घेतलं. आता बाबा आणि मी एका काउंटरवर. दोघांना एकच खुर्ची आवडते, तेव्हा काय चालत असेल ते तू ओळखशील.

एक बातमी मात्र माझी स्वतःची. वेल्डिंगच्या कारखान्यात जाऊन मी तिथल्या लोकांचे डोळे तपासले. त्यांना ठिणग्यांपासून डोळे वाचवणारे, नंबरसकट जाड चष्मे हवेत, आणि ते इथे कोणीच बनवून देत नाही. पहिलं काम मिळालं. हे तुझ्या प्रोजेक्टमध्ये कुठेही नाही. मी मुद्दाम पुन्हा सगळा चाळून खात्री केली. बाबांना सांगितलं तर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “आणखी कोणकोणते कारखाने आहेत?” तुला विचारायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

तू वर्गात पहिली आलीस म्हणून सगळ्यांनी तुझं अभिनंदन केलं, माझंच तेवढं राहिलं. आजही लिहीत नाही. आज लिहिलं तर ते नुसतं रीत म्हणून होईल, आणि तू ते लगेच ओळखशील. मनापासून वाटेल त्या दिवशी तुला कळवीन. तोवर तब्येतीला जप, आणि घरी ये तेव्हा आधी माझ्याशी बोल, मग बाबांशी.

तुझ्यावर अजूनही जळणारा,
पण तुझाच,
दादा