कागदी हात

शनिवार, संध्याकाळ. वेस्ट विंडसर.

लेवकाकांवरचा लेख उद्या द्यायचाय आणि मी त्या कागदी हातातच अडकलोय. मॉस्कोत उभी हयात कागदाची चित्रं हलवून मुलांचे सिनेमे केलेले हे आमचे शेजारी. बायको गेली, आता तिच्यावर शेवटची छोटी फिल्म करताहेत. खिडकीतून ती हात हलवते, एवढाच शॉट उरलाय. कॅमेऱ्याखालच्या काचेवरचा कागदी हात केसभर सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा. पण काकांचेच हात कापतात.

आज चिमटा माझ्याकडे दिला. "श्वास रोख! तुम्ही लेखक उसासे फार टाकता." टाकलाच मी. कागदी हात उडाला, काका खो खो हसले.

त्यांची मुलगी आन्या म्हणाली, "पापा, तुम्हीच करा. थरथर मी कंप्यूटरवर काढून टाकते." काकांनी माझ्याकडून चिमटा घेतला आणि टेबलावर ठेवून दिला. आता सोडूनच देतात की काय?

मग तो पुन्हा उचलून त्यांनीच सगळा शॉट केला. पडद्यावर तो हात चांगलाच थरथरत होता. हे लेखात लिहू? लिहावं का तरी?

आन्यानं तो शॉट पुन्हा लावून पाहिला. मग हळूच म्हणाली, "हॉस्पिटलमधून आई असाच हात हलवायची. राहू दे, पापा."