वंशावळीत तू अजून जिवंत आहेस

प्रिय आई,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुझ्या वतीनं ढीगभर लिहिली, पण तुला कशाला लिहिणार? तू तर घरातच होतीस! आज लिहितेय, कारण दामूमामाच्या मीनानं इंग्लंडहून भला मोठा कागद पाठवलाय. तुझ्या माहेरची वंशावळ! मध्ये तू आणि तुझा भाऊ, वर तुमचे आईवडील, खाली आम्ही पोरं. प्रत्येक घरानं आपली माहिती भरायची आणि कागद पुढच्या घरी पोस्टानं धाडायचा. आपल्यानंतर तो काटोलला, तुझ्या चुलतभावांकडे जाणार.

तुझ्या नावापुढे मीनानं जन्माचं साल लिहिलंय. मृत्यूची जागा कोरी आहे.

आई, मामाला अजून माहीतच नाही गं!

तू गेलीस तेव्हा त्याच्या छातीचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. बाबा म्हणाले, "सध्या नको कळवू त्याले. परक्या मुलखात हाय, पोरगी लहान. उठून बसू दे." तो उठून बसला, कामावर जाऊ लागला, आणि त्याचं पत्र आलं, "वेणूबाई, काहून लिहीत नाहीस?" मी निळं हवाईपत्र घेऊन बसले. तुला लिहिता कुठं येत होतं! मी आठवीत असल्यापासून तू सांगायचीस आणि मी लिहायची. अक्षर माझंच. मग त्याला संशय तरी कसा यावा? एका पत्राची सहा वर्षं झाली.

तू तांदूळ निवडत मजकूर सांगायचीस. एकदा मी आपल्या मनानं लिहिलं, तुझी फार आठवण येते. तू खोडायला लावलंस. "असं नको लिहू वं, रडन तो तिकडं." तू गेल्यावर मला कुणी खोडायला लावेना. मी लिहीत गेले. मामानं उत्तर धाडलं, "बाई, आता कुठं तू माह्याशी मोकळी बोलून राहिली." त्याला तू मेल्यावर जास्त आवडायला लागलीस! हे मी कुणाला सांगू?

आणि भाऊबीज! दर दिवाळीला तू पाकिटातून कुंकू-अक्षतांची पुडी धाडायचीस. ती मी बंद केली असती तर तो घाबरला असता. म्हणून तुझ्या नावानं पुडी जातच राहिली. गेल्या वर्षी त्यानं लिहिलं, "मीनाकडून कुंकू लावून घेतलं. वाटलं, तूच ओवाळून राहिली." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पण खरी भीती मला हा कागद उघडल्यावर वाटली. खाली मीनानं आत्याच्या आठवणी म्हणून बरंच काही उतरवलंय, सगळं माझ्या पत्रांतलं. गाव सोडताना तुझ्या आजीनं चूल विझवली नाही, मागे राहिलेल्यांनी शेकावं म्हणून पेटती ठेवली, असं त्यात आहे. हे तू मला सांगितलं होतंस का? की पत्राची उरलेली जागा भरायला मीच रचलं? खरंच आठवत नाही! लिहिताना मागून तुझा आवाज यायचा, "असं म्या कवा म्हटलं वं?" मी मागे वळून बघायची नाही.

मृत्यूची जागा कोरी सोडली तर काटोलचे भरतील. ते तुझ्या तेराव्याला जेवून गेलेत; मामाला कधी लिहीत नाहीत म्हणून आजवर निभावलं. मामाला ते परक्या हातानं कळावं? बाबांना विचारलं, तर म्हणाले, "लिहिलं तू, आता निस्तर तूच." घ्या! सांगणारे नामानिराळे.

आज दुपारी मी तारीख भरली, शाईनं. चुलीच्या गोष्टीखाली लिहिलं, ही गोष्ट आईची की माझी, मला ठाऊक नाही. मामाला वेगळं पत्र लिहिलं आणि कागद काटोलला धाडायच्या आधी ते पत्र टपालपेटीत टाकून आले. तो मला शिव्या देईल, कदाचित पुन्हा लिहिणारच नाही. सहा वर्षं उशिरा तुझ्या नावानं आंघोळ करील आणि रडेल. रडू दे त्याला! तू त्याला रडू दिलं नाहीस, मीही दिलं नाही. बहीण गेली होती गं त्याची!

तुला शब्द देते, आई. यापुढे तुझ्या तोंडी एक अक्षर घालणार नाही. कुणी विचारलं, आई काय म्हणायची, तर जेवढं नक्की आठवतं तेवढंच सांगेन. ते फार थोडं आहे.

तुझी,
शालू