विहिरीनं दिलेले दात

बाबा, आज दवाखान्यात एक बाई माझ्याशी अगदी तुमच्यासारखी भांडली. मुलाच्या दातांना फ्लोराइड लावू म्हटलं, तर म्हणे, ते विष असतं ना हो? मी तिला हसून, शांतपणे समजावलं. घरी आले आणि मग राग आला तो तुमचा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा विषय निघाला की माझं डोकं तापतं.

मी दातांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होते आणि धाकटी बहीण आठ वर्षांची. फ्लोराइडची पेस्ट तेव्हा बाजारात नवीनच होती, मी कौतुकानं तिच्यासाठी आणली. तुम्ही चष्मा चढवून ट्यूबवरची अक्षरं वाचलीत आणि वाचता वाचता तुमचा चेहरा उतरला. "हे काहून आणलं वं घरात? आमच्या विहिरीत हेच तर होतं." तुम्ही चांद्याकडच्या खेड्यातले. त्या विहिरीच्या पाण्यानं अख्ख्या गावाचे दात तपकिरी झालेले, आणि तुमचा मोठा भाऊ चाळिशीतच कमरेतून असा वाकला की समोरच्या माणसाचं तोंड त्याला दिसेना. साहेब लोक पाणी तपासून गेले आणि जाताना हा एक शब्द सांगून गेले. तो शब्द तुम्ही उंबऱ्याच्या आत येऊ देणार नव्हतात. ट्यूब नालीत फेकलीत आणि धाकटीच्या तळहातावर राखुंडी ठेवलीत.

किती सांगितलं मी! भाजीत चिमूटभर मीठ वेगळं आणि मूठभर वेगळं. गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात, ते दातातला चुना हळूहळू ओढून काढतं. फ्लोराइड असलं की तो चुना पुन्हा बसतो आणि दात आधीपेक्षा टणक होतो. विहिरीत ते फार होतं आणि लहानपणापासून रोज पोटात जात होतं. इथे वाटाण्याएवढी पेस्ट, तीही थुंकून टाकायची. आणि पुरावा तर तुमच्याच तोंडात होता, बाबा. दात सगळे डागाळलेले, पण किडका एकही नाही. पन्नाशीतही ऊस दातांनी सोलत होतात तुम्ही. अशा डागी दातांच्या लोकांत कीड कमी दिसली, म्हणूनच तर डॉक्टरांचं या फ्लोराइडकडे लक्ष गेलं. हे सगळं ऐकून तुम्ही एवढंच म्हणालात, "तू पुस्तकात वाचून राहिली. म्या भावाले वाकताना पाह्यलं." यावर गप्प बसावं एवढी अक्कल मला नव्हती. मी भांडत राहिले, तुम्ही पेपर वाचत राहिलात. धाकटीला चोरून पेस्ट दिली, तर तिनं तुम्हालाच जाऊन सांगितलं. तुमचीच लाडकी ती.

दोन वर्षांनी तिचा गाल सुजला. खालची दाढ आतून पार पोखरलेली. "दुधाचीच असन, दुसरी येईन," तुम्ही म्हणालात. ती दुधाची नव्हती. सहाव्या वर्षी मागच्या बाजूनं गुपचूप उगवते ती कायमची दाढ. तिच्यासाठी आधीचा दात पडत नाही, म्हणून आईबापांना पत्ताच लागत नाही. कॉलेजात सरांनी दाढ काढली आणि तिचं डोकं मी धरून ठेवलं. पोर माझ्या हातात थरथरत होती. तुम्ही आत येऊन तिला उचललंत, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. वर्षभरात दुसऱ्या बाजूची दाढही गेली. घरात राखुंडी चालूच. संताप यायचा मला, अजूनही येतो. तुम्हाला भीती वाटत होती हे दिसत होतं, पण ते तोंडानं म्हणाल तर शपथ.

तुम्ही गेल्यावर काही महिन्यांनी, प्रताप नगरात रोज सकाळी तुमच्यासोबत फिरायला यायचे ते काका दात दाखवायला आले. कोणती पेस्ट वापरायची हे मी सांगू लागले, तर ते मला थांबवून म्हणाले, "माहीत आहे बाई, फ्लोराइडवाली. तुझे बाबा आम्हा सगळ्याइले सांगत, दाताचं काही असन तर माझ्या पोरीले विचारा, ती म्हणन ते ऐका. तिच्याइतकं कोणाले समजत नाही." मी त्यांना चूळ भरायला सांगितली आणि हात धुवायला गेले, बराच वेळ धूत राहिले.

साऱ्या मोहल्ल्याला सांगितलंत. घरात एकदा म्हटलं असतंत, तर धाकटीच्या दाढा वाचल्या असत्या. हे पत्र टाकायचं कुठे, ते इथेच राहणार, म्हणून खरं लिहिते. धाकटीच्या दाढा मी नुसत्या भांडायचं निमित्त म्हणून पुढे करते, बाबा. तिला आता त्यांची आठवणही येत नाही. 'तिच्याइतकं कोणाले समजत नाही,' हे वाक्य मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.